शेतीच्या रजिस्ट्रीत वकिलाची फी किती, ‘खर्च’ किती आणि कोणी कोणाचा द्यायचा?

दारव्ह्याचा_पोरगा · 6 जानेवारी, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. बांधाला लागून असलेलं दोन एकर जिरायती वावर घेतो आहे. शेजारच्या काकांचं आहे. भाव एकरी नऊ लाख ठरला, म्हणजे 18 लाख. इसाराचे 50 हजार चेकने दिले. इसारपत्र अजून साध्या चिठ्ठीवरच आहे, पक्कं व्हायचं आहे.

काल तालुक्याला वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर एकच आकडा लिहिला आणि त्याला गोल केला. मुद्रांक, नोंदणी, त्यांची फी, खर्च, सगळं त्यातच. म्हणाले, “तुम्ही फक्त सहीच्या दिवशी या, बाकी आम्ही पाहून घेतो.” रात्री घरी येऊन नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या गणकात मुद्रांक शुल्क काढलं. नोंदणी फी एक टक्का, म्हणजे 18 हजार. दोन्ही वजा केले तर 34,000 रुपये उरतात. ते कशाचे, हे त्या कागदावर कुठेच नाही.

बाबा म्हणतात, बांधाचं वावर आयुष्यात एकदाच विकायला निघतं, एवढ्यासाठी घासाघीस करू नको. मला घासाघीस करायचीच नाही. वकीलसाहेब माणूस चांगला आहे, गावातली पुष्कळ कामं त्यांनीच केली. पण हे कापसाचे पैसे आहेत, दोन वर्षं धरून जमवलेले. जातात कुठे ते कळायला पाहिजे. यातलं काकांनी काही द्यायचं असतं का? आणि फेरफाराचे, म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढवायचे, वेगळे लागतात का?

अण्णा_वऱ्हाडी · 6 जानेवारी, रात्री 10:15

भाऊ, म्या 2011 मंदी वावर घेतलं तवा मले बी असाच एक आकडा सांगतला होता. म्या देल्ला. रजिस्ट्री झाली, पेढे वाटले. सहा महिन्यानं पटवाऱ्याकडं गेलो त सातबाऱ्यावर जुन्या मालकाचंच नाव! वकिलाकडं गेलो त ते म्हणे, फेरफाराचं त्यात नव्हतं, ते तुमचं तुमी पाहाचं होतं. आता त्यात काय होतं अन् काय नव्हतं, कागदच नाही त भांडू कायच्यावर? तो खरीप मले सोसायटीचं कर्ज भेटलं नाही, नाव नाही म्हणून. तुमाले एकच सांगतो, आधी लिहून घ्या, मंग पैसे द्या.

तालुका_बार · 7 जानेवारी, सकाळी 7:20

मी अमरावती जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी वकिली करतो. पंधरा-सोळा वर्षं झाली. सविस्तर लिहितो, कारण या एका गोल आकड्यामुळे पक्षकाराचं नुकसान होतंच, आमच्या पेशाचंही नाव खराब होतं.

तुमच्या त्या आकड्यात तीन वेगवेगळे पैसे मिसळलेले आहेत. पहिला सरकारचा: मुद्रांक शुल्क, त्यातच येणारा जिल्हा परिषदेचा अधिभार, नोंदणी फी, दस्त हाताळणीचं पानामागचं शुल्क. हा पैसा वकिलाच्या हातातून जायचं काहीच कारण नाही. सरकारी पैसे भरायच्या ‘ग्रास’ पोर्टलवर तुमच्या नावाने चलान निघतं, तुमच्या खात्यातून भरलं जातं. चलानाचा नंबर तुमच्याकडे राहतो. व्यवहार मोडला आणि मुद्रांक वापरला गेला नाही, तर सहा महिन्यांच्या आत परताव्याचा अर्ज करता येतो, आणि तेव्हा चलान कोणाच्या नावावर, पैसे कोणाच्या खात्यातून गेले याला फार किंमत येते. नोंदणी फी मालमत्तेच्या किमतीच्या एक टक्का असते, आणि जास्तीत जास्त 30,000 रुपये. मुद्रांक मात्र ठरलेली किंमत आणि सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातली (रेडी रेकनर) किंमत, यांपैकी जी जास्त तिच्यावर लागतो. ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका हद्दीप्रमाणे दर बदलतो, म्हणून तुम्ही गणक वापरला ते बरोबरच केलं.

दुसरा पैसा वकिलाच्या मेहनतीचा. ती फी. तिसरा, वकिलाने तुमच्या वतीने दुसऱ्याला दिलेला: जाहीर नोटिशीचं वर्तमानपत्राचं बिल, शोधाचं चलान, नकला, टायपिंग. तो खर्च. फी आणि खर्च वेगळे ठेवणं हा वकिलाचा मोठेपणा समजू नका, तो नियम आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे पक्षकाराकडून घेतलेल्या पैशाचा हिशेब वकिलाने ठेवायचा असतो. किती आले, खर्चाला किती गेले, फी म्हणून किती धरले, तारखेनिशी. खर्चासाठी घेतलेली रक्कम पक्षकाराच्या लेखी संमतीशिवाय फीत वळती करता येत नाही. आणि पक्षकाराने मागितली तर हिशेबाची नक्कल द्यावी लागते, नक्कल करण्याचा खर्च घेऊन. तेव्हा हिशेब मागताना संकोच वाटू देऊ नका.

काकांनी काय द्यायचं, याचं उत्तर कायद्यात बऱ्यापैकी स्पष्ट आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 30 प्रमाणे, वेगळं काही ठरलं नसेल तर विक्रीपत्राचा मुद्रांक घेणाऱ्याने भरायचा. विक्रीच्या तारखेपर्यंतचा शेतसारा आणि इतर सरकारी देणी विकणाऱ्याने चुकती करायची, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 55 मध्ये आहे. सोसायटीचा, बँकेचा बोजा असेल तर तो फेडून सातबाऱ्यावरून कमी करून घेणं विकणाऱ्याचं. दोघांच्या मधे लोंबकळतं ते मोजणीचं, नोटिशीचं आणि नकलांचं. इसारपत्र पक्कं करताना त्यातच एका ओळीत लिहून टाका.

फीबद्दल. आमच्याकडे काही जण किमतीच्या टक्क्याने फी सांगतात. एकाच मालकाचं, वर्ग 1 चं (विकायला सरकारी परवानगी न लागणारं), वारसाचा गुंता नसलेलं वावर असेल तर मला ते पटत नाही. पाच लाखांच्या आणि अठरा लाखांच्या विक्रीपत्राला मेहनत सारखीच लागते. ठोक रक्कम ठरवा. पण एक विनंती, फी कमी करून घेण्यासाठी शोध टाळू नका. सर्च म्हणजे नुसती सूची क्रमांक 2 (नोंदवलेल्या दस्तांची यादी) चाळणं नाही. 30 वर्षांच्या नोंदी पाहायच्या, तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार काढायचे. बहिणींची नावं कधी आणि कशी कमी झाली, हक्कसोडपत्र नोंदवलेलं आहे की नुसता जबाब आहे, हे तपासायचं. भोगवटदार वर्ग 2 असेल तर परवानगी कोणाची लागते ते पाहायचं. घेणारा शेतकरी आहे हेही दाखवावं लागतं. आपल्या विदर्भाला 1958 चा वेगळा कुळवहिवाट कायदा आहे, त्याच्या कलम 89 मध्ये बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकायला बंदी आहे. दोन दिवस तहसीलच्या खोलीत फडक्यात बांधलेले गठ्ठे सोडायचे आणि परत बांधायचे, ते काम फुकट कोणी करणार नाही.

दारव्ह्याचा_पोरगा · 7 जानेवारी, दुपारी 1:05

खूप खूप आभार साहेब. जेवायच्या सुट्टीत बाबांना वाचून दाखवलं. ते फक्त “हं” म्हणाले, पण कलम 55 चं परत वाचायला लावलं. काकांच्या वावरावर सोसायटीचा बोजा आहे. त्याबद्दल आमचं बोलणंच झालं नव्हतं.

पैनगंगेकाठी · 7 जानेवारी, संध्याकाळी 6:30

सर्चच्या फीबद्दल माझा अनुभव सांगतो. चार वर्षांपूर्वी आम्ही तीन एकर घ्यायला निघालो होतो. सातबारा स्वच्छ दिसत होता. मालक तिथे तीस वर्षं वाहितीत, गावात कोणाची हरकत नाही. माझा भाऊ म्हणाला, सर्चला कशाला तीन हजार घालायचे, सारा गाव साक्षीला आहे. मी तरी दिले. वकिलीणबाईंनी आठवड्याने बोलावलं आणि मोडीसारख्या वळणाच्या हातच्या अक्षरातल्या एका जुन्या फेरफाराची नक्कल समोर ठेवली. शाई तपकिरी पडलेली. तिसऱ्या ओळीवर त्यांनी पेन्सिल टेकवली. शब्द होता ‘भूदान’.

मालकाच्या आजोबांना ती जमीन भूदानात मिळालेली होती. आपल्याकडे अशा जमिनी पुष्कळ आहेत, त्यांना 1953 चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायदा लागतो, आणि त्या मनात आलं म्हणून विकता येत नाहीत. संगणकीकरणात कधीतरी तो शेरा गळाला होता. मालकालाही माहीत नव्हतं, त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. व्यवहार थांबला. माझे तीन हजार गेले आणि इसार परत मिळाला. तिथे विक्रीपत्र झालं असतं तर मी आज कोर्टाच्या पायऱ्या चढत असतो.

म्हणून दारव्हेकर दादा, 34 हजारांत जे काही कापायचं ते कापा, सर्च कापू नका.

वर्धेची_लेक · 7 जानेवारी, रात्री 10:50

मी विकणाऱ्याच्या बाजूने लिहिते, ती बाजू इथे कोणी मांडली नाही म्हणून.

यजमान गेल्यावर मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी मी दीड एकर विकलं. घेणाऱ्यांनीच वकील आणला. मला म्हणाले, “वहिनी, तुम्हाला वेगळा कशाला लागतो, आपला एकच आहे.” मी होकार दिला. रजिस्ट्रीच्या दिवशी चेक हातात आला तो ठरल्यापेक्षा 12 हजारांनी कमी. विचारलं तर म्हणे वकिलाची अर्धी फी आणि तुमच्या बाजूचा खर्च. बाहेर साक्षीदार उभे, आत फोटो आणि अंगठे सुरू, मागे रांग लागलेली. तिथे एकटी बाई काय बोलणार. मी सही केली.

12 हजार म्हणजे तिची सहा महिन्यांची मेस. नंतर कितीतरी रात्री तोच हिशेब करत बसले, की आपण थांबा म्हणायला पाहिजे होतं. फी मागितली याचं दुःख नाही. आधी कोणी सांगितलं नाही आणि माझ्याच पैशातून परस्पर कापली, याचं आहे.

तालुका_बार · 7 जानेवारी, रात्री 11:30

ताई, तुमच्यावर अन्याय झाला. तो वकील घेणाऱ्याने लावलेला होता. तुम्ही त्याची नेमणूक केली नव्हती, फी कबूल केली नव्हती. तुमच्या किमतीतून ती कापायचा अधिकार कोणालाच नव्हता. विक्रीपत्रात किंमत पूर्ण लिहिलेली आणि चेक कमी असेल तर आजही कोणाला तरी ते कागद दाखवा. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही, मोफत सल्ला आणि वकील मिळतो. 15100 या नंबरवर फोन केला तरी मार्ग सांगतात.

आणि हे सगळ्याच विकणाऱ्यांसाठी: सहीच्या आधी एक दिवस विक्रीपत्राचा मसुदा घरी आणा. ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाकडून वाचून घ्या. त्याच दिवशी चेकची झेरॉक्स मागा.

पटवारी_चौक · 8 जानेवारी, सकाळी 8:10

सगळं खरं आहे, पण गावात हे चालत नाही हो. आमच्या इथे मी हिशेब लिहून मागितला तर वकिलांनी सांगितलं, एवढा संशय असेल तर दुसऱ्याकडे जा. तालुक्यात दस्ताचं काम करणारे चार जण, चौघं एकमेकांचे दोस्त. आणि त्या आकड्यात ‘ऑफिस खर्च’ असतो तो कशाचा, हे सगळ्यांना माहीत आहे. तो दिला नाही तर तुमचा दस्त दिवसभर टेबलावर पडून राहतो. कायदा सांगणं सोपं आहे.

तालुका_बार · 8 जानेवारी, सकाळी 9:45

तुमचा अनुभव मी खोडत नाही. मीही त्याच आवारात उभा असतो. पण दस्त नोंदवायला चार महिन्यांची मुदत असते, सही झाल्यापासून. सहीच्या दिवशीच, दुपारी दोनच्या आतच झाला पाहिजे ही घाई आपण स्वतःवर घालून घेतो, आणि त्या घाईचेच पैसे मागितले जातात. आधी वेळ आरक्षित करा, दस्ताची माहिती ऑनलाइन भरून न्या, कागद पूर्ण न्या. पैसे मागितलेच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर 1064 आहे. आणि वकिलाला मी एवढंच सांगेन, ज्या खर्चाची पावती देता येत नाही तो पक्षकाराच्या हिशेबात लिहू नये.

वकिलाबद्दल तक्रार असेल तर ती ग्राहक आयोगात जात नाही. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिली सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असा निकाल दिला. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे करायची असते. अजून एक: फीवरून वाद झाला म्हणून तुमचे मूळ कागद, जुनी विक्रीपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. हा निकाल 2000 सालचा, तोही सर्वोच्च न्यायालयाचाच. आपल्याकडे कितीतरी लोक कागद अडकले म्हणून मागतील तेवढे पैसे देऊन मोकळे होतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हिशेबनीस · 8 जानेवारी, दुपारी 3:20

मी विवरणपत्रं भरण्याचं काम करतो, तेवढ्यापुरतं लिहितो.

एकट्या व्यावसायिक वकिलाने धंदा नसलेल्या साध्या माणसाला दिलेल्या सेवेवर जीएसटी नाही. शेतकऱ्याच्या बिलात 18 टक्के लावले असतील तर विचारा.

वकिलाची पावती जपून ठेवा. मुद्रांक, नोंदणी फी, वकिलाची फी हे घेणाऱ्याच्या खरेदी किमतीत धरता येतं, विकणाऱ्याला विक्रीसाठी झालेला खर्च नफ्यातून वजा मिळतो. खेड्यातल्या शेतजमिनीला बहुतेक वेळा याची गरज पडत नाही, कारण नगरपालिकेपासून ठरावीक अंतराबाहेरची शेती आयकरात भांडवली मालमत्ता धरत नाहीत. लोकसंख्येप्रमाणे ते अंतर 2, 6 किंवा 8 किलोमीटर. पण तालुक्याला लागून प्लॉट असेल तर पावतीशिवाय एक रुपया धरता येत नाही. आणि इसार 20 हजार किंवा त्याहून जास्त असेल तर रोख घेऊ-देऊ नका, तुम्ही चेकने दिला ते उत्तम.

बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट मिळते असं लोक सांगतात. ती राहत्या घरासाठी आहे, वावराला नाही.

लीड्सहून · 8 जानेवारी, रात्री 11:55

माहेर पुलगावचं, सध्या इंग्लंडात. इथे घर घेताना बहुतेक जण सॉलिसिटर, म्हणजे वकील, लावतात, आणि घेणाऱ्याचा वेगळा, विकणाऱ्याचा वेगळा. डिसेंबर 2018 पासून इंग्लंड-वेल्समध्ये घरखरेदीचं काम करणाऱ्या सॉलिसिटर फर्मना आपले दर जाहीर करावे लागतात. त्यांची फी वेगळी, त्यावरचा व्हॅट वेगळा, आणि दुसऱ्याला द्यायचा खर्च वेगळा. आमच्या कागदावर कौन्सिलकडच्या शोधाचे किती, जमीन नोंदणी कार्यालयाचे किती, बँकेतून पैसे पाठवण्याचे किती, अशी एकेक ओळ होती. पक्षकारांचा पैसा ठेवायला फर्मचं खातंसुद्धा स्वतंत्र असतं.

पहिलं घर हातचं गेलं आमचं, विकणाऱ्याने ऐनवेळी माघार घेतली. शोधाचा खर्च परत मिळाला नाही, झालेल्या कामाची फीही द्यावी लागली. पण ती किती हे पहिल्या दिवशीच माहीत होतं, म्हणून भांडण झालं नाही. दारव्हेकर दादा, व्यवहार मोडला तर कोणी किती द्यायचं, हेसुद्धा विचारून ठेवा. तिकडे कोणी विचारत नाही.

दारव्ह्याचा_पोरगा · 13 जानेवारी, रात्री 9:10

काल परत गेलो, बाबांना घेऊन. धाग्यातलं एक अक्षर बोललो नाही, फक्त म्हटलं, “साहेब, मला घरी वहीत लिहायचं आहे, तेवढं वेगवेगळं सांगा.” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि तोच गोल केलेला कागद उलटा करून लिहायला घेतलं. फी 12,000. सर्च 3,000. जाहीर नोटीस 1,800. टायपिंग, झेरॉक्स, फोटो 1,500. फेरफार 5,000. ऑफिस खर्च 9,000. इतर 1,700.

पहिल्या चार ओळींवर मी काहीच बोललो नाही. फेरफाराचं विचारलं, की नोंदणी झालेल्या दस्ताची माहिती तर दुय्यम निबंधकाकडून थेट तहसीलला जाते ना? ते म्हणाले, “हो, आता तसंच आहे,” आणि ती ओळ स्वतःच खोडली. मग ऑफिस खर्चावर पेन थांबला. बाबा पहिल्यांदा बोलले. “साहेब, तुमची फी पूर्ण घ्या, त्यात एक रुपया कमी करत नाही. पण हे कशाचे ते मला गावात सांगता येणार नाही.” वकीलसाहेबांनी तीही ओळ खोडली, आणि इतरही. 34,000 चे 18,300 झाले. सरकारचे पैसे माझ्या खात्यातून चलानाने भरायचं ठरलं. कपाटातून पावतीपुस्तक काढलं, त्यावरची धूळ तळहाताने पुसली, आणि 5,000 रुपये आगाऊ फीची पावती दिली.

इसारपत्रात तीन ओळी टाकल्या. मुद्रांक, नोंदणी आणि आमच्या वकिलाची फी आमची. सोसायटीचा बोजा आणि शेतसारा काकांचा. मोजणी आणि नोटीस निम्मी-निम्मी, आणि सर्चमध्ये काही निघून व्यवहार थांबला तर सर्चचे पैसे आमचे गेले, इसार परत. काका आधी जरा नाराज झाले, शेजारधर्मात एवढं लिहायचं का म्हणून. मग काकूंनी कागद मागून घेतला, पूर्ण वाचला, आणि सही करा म्हणाल्या. काकांना त्यांचा मसुदा दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या असंही सांगितलं. ते वर्धेच्या ताईंमुळे सुचलं.

वर्धेची_लेक · 13 जानेवारी, रात्री 10:05

तुमच्या काकूंना माझा नमस्कार सांगा.

दारव्ह्याचा_पोरगा · 19 फेब्रुवारी, सकाळी 7:30

रजिस्ट्री झाली. सर्च स्वच्छ निघाला, फक्त काकांच्या एका आत्याचं जुनं हक्कसोडपत्र शोधायला आठ दिवस जास्त लागले. दस्ताला दुपारचे चार वाजले, रांगेत बसलो, कोणी काही मागितलं नाही. वकीलसाहेबांनी शेवटी न मागता खर्चाच्या पावत्या टाचणी लावून दिल्या. नोटिशीचं बिल 1,650 च झालं होतं, उरलेले 150 परत केले.

फेरफाराची नोटीस काल ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर दिसली. मोबाइल बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून गट नंबर दोनदा वाचला.

अण्णा_वऱ्हाडी · 19 फेब्रुवारी, सकाळी 8:00

पंधरा दिवसाची नोटीस सरली का 15 रुपये भरून सही असलेला सातबारा काढजो भाऊ. अन् नाव नीट वाचजो, काना-मात्रा सुदा.